वाचकांचे प्रश्न : पांढऱ्या लेबलाच्या रेकॉर्ड आणि जंगलचा ठेका

प्रश्न : मा. संपादक यांस सप्रेम नमस्कार. मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. माझे आतेभाऊ अनेक वर्षांपासून इंग्लंडमधील लेस्टर येथे स्थायिक आहेत. यंदा दिवाळीला ते आले तेव्हा त्यांनी तरुणपणी जमवलेल्या ४० रेकॉर्ड मला देऊन टाकल्या. रेव्ह आणि जंगल या नावांनी ओळखले जाणारे हे नृत्यसंगीत १९९१ ते १९९५ या काळातील आहे, एवढेच त्यांनी सांगितले. निम्म्याहून अधिक रेकॉर्डवर कोऱ्या पांढऱ्या लेबलाखेरीज काहीही नाही. घरात आजोबांचा चावीचा ग्रामोफोन आहे. मी शाळेत असताना सात वर्षे तबला शिकलो होतो. हे संगीत मोबाइलवर ऐकून पाहिले तेव्हा त्यातील ठेक्याने मला धरून ठेवले, परंतु बाकीचे डोक्यावरून गेले. या रेकॉर्ड ओळखाव्यात कशा, वाजवाव्यात कशावर आणि हा संग्रह वाढवावा का, याविषयी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : सर्वप्रथम एक कळकळीचे सांगणे आहे. यांतील एकही रेकॉर्ड आजोबांच्या ग्रामोफोनवर लावू नये, अगदी गंमत म्हणूनही नाही. त्या ग्रामोफोनसाठी बनलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या असत, त्यांच्या रेघा रुंद असत आणि त्यांवर पोलादी पिनेचा १०० ग्रॅमहून अधिक भार पडत असे. आपल्याला मिळालेल्या रेकॉर्ड व्हिनाइलच्या आहेत. त्यांच्या रेघा बारीक असतात आणि आधुनिक पिनेचा भार अवघा दोन-तीन ग्रॅम असतो. चावीच्या ग्रामोफोनवर एकदा वाजवलेली व्हिनाइलची रेकॉर्ड पुन्हा पूर्वीसारखी कधीच वाजत नाही, कारण रेघेच्या भिंतीच खरवडल्या जातात.

त्यामुळे ३३ आणि ४५ या दोन्ही गतींवर चालणारा टर्नटेबल घ्यावा लागेल. शक्य असल्यास पट्ट्यावर फिरणाऱ्याऐवजी मोटरवर थेट फिरणारा घ्यावा, कारण या संगीतात गती स्थिर राहणे फार महत्त्वाचे आहे. १९७९ साली आलेला टेक्निक्सचा एसएल-१२०० एमके२ हा टर्नटेबल जगभरच्या डीजेंनी स्वीकारला, तो याच गुणामुळे आणि गती आठ टक्के कमी-जास्त करण्याच्या त्याच्या सरकत्या दांडीमुळे. जुना टर्नटेबल जपानहून आलेला असेल तर तो १०० व्होल्टचा असू शकतो. असा टर्नटेबल ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या विजेवर जोडल्यास जळून जाईल. इंग्लंडहून आणवलेल्या यंत्राला ही अडचण येत नाही.

टर्नटेबलबरोबर फोनो प्रीअॅम्प्लिफायर लागतो आणि तो वगळून चालत नाही. खर्जाचे स्वर कापताना रेघ फार रुंद हेलकावे घेते, म्हणून रेकॉर्ड बनवतानाच खर्ज कमी करून आणि वरचे स्वर वाढवून ती कापली जाते. हा हिशेब १९५४ साली अमेरिकेत ठरला आणि पुढे सर्वत्र रूढ झाला. प्रीअॅम्प्लिफायर तो हिशेब उलटा करून मूळ तोल परत आणतो. जंगलचा निम्मा जीव खर्जात असल्यामुळे, प्रीअॅम्प्लिफायरशिवाय किंवा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर ते ऐकणे म्हणजे डग्ग्याशिवाय तबला ऐकण्यासारखे आहे. आपल्या डोक्यावरून जे गेले असे वाटते, त्यातील बराचसा भाग आपल्या कानांपर्यंत पोहोचलाच नसावा. नवरात्रात आपल्याकडील गरब्याच्या मैदानावर ढोलाचा घुमारा छातीत जाणवतो. तोच अनुभव या संगीताच्या खर्जाला अपेक्षित आहे. तो खर्ज जमैकातून इंग्लंडात स्थायिक झालेल्या कुटुंबांनी सोबत नेलेल्या साउंड सिस्टिमच्या परंपरेतून, म्हणजे रेगे आणि डबच्या भल्यामोठ्या स्पीकरांमधून आलेला आहे.

आता पांढऱ्या लेबलांविषयी. लेबल कोरे असले म्हणून रेकॉर्ड निनावी ठरत नाही. त्या काळी छोट्या कंपन्या आणि अनेकदा एकटेदुकटे तरुण काही शेकडो किंवा हजारभर प्रती काढून स्वतःच दुकानोदुकानी पोहोचवत असत. लेबल छापण्याचा खर्च वाचे, आणि दुसऱ्यांच्या गाण्यांतील परवानगीविना उचललेल्या तुकड्यांबद्दल कोणी जाब विचारण्याची शक्यताही कमी होई. रेकॉर्ड तिरकी धरून खिडकीच्या उजेडात पाहावी. शेवटची रेघ आणि लेबल यांच्यामधील गुळगुळीत पट्टीवर हाताने कोरलेली किंवा ठशाने उमटवलेली अक्षरे दिसतील. तोच तिचा जन्मदाखला समजावा. ‘रिव्हेट’ हा शब्द आणि पुढे अंक असल्यास ती रिइन्फोर्स्ड या कंपनीची असते, ‘शॅडो’ असल्यास मूव्हिंग शॅडोची आणि ‘मेथ’ असल्यास गोल्डी या कलावंताने १९९४ साली सुरू केलेल्या मेटलहेड्झची. ही अक्षरे वहीत उतरवून घ्यावीत आणि डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर शोधावीत. ही नोंदवही २००० साली मुळात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रेकॉर्डसाठीच सुरू झाली, त्यामुळे या प्रकारातील नोंदी तेथे फार बारकाईने केलेल्या आढळतात. या रेकॉर्डमध्ये एखादी तबकडी नेहमीपेक्षा जड आणि कडेला धातूची झाक असलेली निघाली, तर ती डबप्लेट असण्याचा संभव आहे. ही अॅल्युमिनियमवर मऊ लेप देऊन एकेक प्रत कापलेली तबकडी असते. नवे गाणे छापण्यापूर्वी नृत्यगृहात आजमावण्यासाठी ती बनवली जाई आणि काही डझन वेळा वाजवल्यावर झिजून जाई. ती वाजवू नये. आधी ओळख पटवावी आणि एकदाच, योग्य यंत्रावर, ध्वनिमुद्रण करून ठेवावे.

आपण तबला शिकला आहात हे वाचून मला फार आनंद झाला, कारण या संगीताकडे जाण्याचा त्याहून सरळ रस्ता मला माहीत नाही. १९६९ साली द विन्स्टन्स या अमेरिकन वाद्यवृंदाने एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला ‘आमेन, ब्रदर’ ही वाद्यरचना दिली. तिच्या मध्यावर सर्व वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक चार आवर्तने, म्हणजे जेमतेम सात सेकंद, एकटाच ड्रम वाजवतो. हाच तो ‘आमेन ब्रेक’. आपल्या संग्रहातील जंगलच्या कितीतरी रेकॉर्ड या सात सेकंदांवर उभ्या असतील. पहिली दोन आवर्तने सरळ आहेत. तिसऱ्यात एक आघात किंचित उशिरा येतो, आणि चौथ्यात पहिली मात्राच रिकामी सोडून पुढे आडलयीचे आघात येतात. समेची जागा मोकळी सोडणाऱ्या या वादनात किती शक्यता दडलेल्या आहेत, हे तबला शिकलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

मूळ वादनाची गती मिनिटाला सुमारे १३७ मात्रांची आहे. लंडन आणि आसपासच्या तरुणांनी ते तुकडे अकाई कंपनीच्या एस ९५० आणि एस १००० या सॅम्पलरांत, म्हणजे ध्वनीचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रांत, घेतले, काहींनी तर घरगुती अमिगा संगणकावरच घेतले, आणि १६० ते १७० मात्रांपर्यंत नेले. प्रत्येक आघात सुटा करून त्यांनी ते नव्या क्रमाने मांडले. तबल्यातील कायद्याचे पलटे करताना आपण तेच बोल ठेवून त्यांचा क्रम बदलतो, बाहेरचा बोल शक्यतो घेत नाही आणि तरीही दर वेळी नवे काही घडते. मला जंगलचे ड्रम अगदी तसेच ऐकू येतात. त्याच वेळी खाली खर्ज चालतो तो निम्म्या गतीने, ८० ते ८५ मात्रांनी. वर दुगुन आणि खाली ठाय, अशा दोन लयी एकाच वेळी चालू असतात. नाचणाऱ्याने दोहोंपैकी कोणतीही धरावी. ऐकताना आधी खालची लय हाताने धरावी आणि ती पक्की झाली की वरच्या पलट्यांकडे लक्ष द्यावे. हे एवढे साधले की गोंगाट वाटणारी रेकॉर्ड सुसूत्र वाटू लागते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोलमन यांना या सात सेकंदांबद्दल मानधन मिळाले नाही आणि २००६ साली अत्यंत हलाखीत त्यांचा मृत्यू झाला. वाद्यवृंदाचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी ब्रिटिश डीजेंनी २०१५ साली वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले. आमेन ब्रेकवर बांधलेली रेकॉर्ड हातात असणाऱ्या प्रत्येकाला या वादकाचे नाव माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

आपल्या ४० रेकॉर्ड सालाप्रमाणे लावून ऐकल्यास एक मोठा बदल ओघाने कळत जाईल. १९८८ च्या उन्हाळ्यापासून इंग्लंडात शिकागोचे हाउस आणि डेट्रॉइटचे टेक्नो यांच्यावर रात्ररात्र नाचण्याची लाट आली. गोदामांत आणि शेतांत भरणाऱ्या त्या मेळाव्यांना रेव्ह म्हणत. १९९१-९२ च्या रेकॉर्डमध्ये पियानोचे आनंदी तुकडे, गती वाढवल्यामुळे चिरकलेले गायिकांचे आवाज आणि रोलंडच्या अल्फा जुनो सिंथेसायझरमधून निघणारा, व्हॅक्यूम क्लीनरची आठवण करून देणारा घरघराट ऐकू येईल. १९९३ च्या सुमारास पियानो मागे पडतो, ड्रमचे तुकडे बारीक होतात, खर्ज खोल जातो आणि जंगल आकाराला येते. दरम्यान मे १९९२ मध्ये इंग्लंडमधील कॅसलमॉर्टन कॉमन या माळरानावर हजारोंचा मेळा अनेक दिवस चालला. त्याच्या पडसादांतून १९९४ चा कायदा झाला. त्यात बंदोबस्त करावयाच्या संगीताची व्याख्या करताना एकामागून एक पुनरावृत्त होणाऱ्या ठेक्यांचा उल्लेख आहे. ठेक्याची व्याख्या करू पाहणारा कायदा संगीताच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. या रेकॉर्डच्या आरंभी आणि शेवटी बराच वेळ केवळ ड्रम चालतात. हा रेंगाळलेपणा नाही. डीजेला एका रेकॉर्डच्या शेवटावर दुसरीचा आरंभ चढवता यावा म्हणून ती जागा ठेवलेली असते. बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर बहुधा एक-दोनच रचना असतात, त्यामुळे रेघा ऐसपैस राहतात आणि खर्ज दमदार कापता येतो. ७८ च्या तबकडीवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, म्हणून आपल्या थोर गायकांनी राग तेवढ्यात बसवण्याची कला साधली. तेथे तबकडीने गाण्याला घाट दिला, तसा येथेही दिला आहे.

संग्रह वाढवावा का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की निदान वर्षभर एकही रेकॉर्ड विकत घेऊ नये. ४० हा आकडा लहान नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या दोन्ही बाजू पाच-सहा वेळा ऐकून वहीत टिपणे केली, तर आपली आवड आपल्यालाच कळेल. मग दोन-चार कंपन्यांवर किंवा एका वर्षावर लक्ष केंद्रित करावे. अहमदाबादच्या रविवारच्या गुजरी बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुनी हिंदी गाणी, गझला आणि नाट्यगीते मिळतील, परंतु जंगलची रेकॉर्ड मिळण्याची आशा फार कमी आहे. ती परदेशातूनच मागवावी लागते आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरले की किंमत पुष्कळ वाढते. मागवताना विक्रेत्याने लिहिलेली रेकॉर्डची प्रतवारी नीट वाचावी. या व्यवहारात ‘व्हीजी प्लस’ म्हणजे किरकोळ ओरखडे असलेली, समाधानाने ऐकता येणारी रेकॉर्ड, तर नुसते ‘गुड’ म्हणजे वस्तुतः खराब रेकॉर्ड, हे नवख्यांना ठाऊक नसते आणि तेथेच पैसे वाया जातात. मीही आरंभी ‘गुड’ या शब्दावर विश्वास ठेवून तीन रेकॉर्ड मागवल्या होत्या. तिन्हींत संगीतापेक्षा खरखर अधिक होती. जुन्या रचना पुन्हा छापून निघाल्या असतील तर त्या घेण्यात काहीही कमीपणा नाही. माझ्या मते संग्राहक व्हायचे ते ऐकण्यासाठी, पहिली छपाई दाखवण्यासाठी नव्हे.

आणि आतेभावांना एकदा फोन करून प्रत्येक रेकॉर्ड कोठे घेतली, कोणत्या रात्री ऐकली, कोणत्या चोरट्या रेडिओ केंद्रावर लागत असे, हे विचारून लिहून घ्यावे. लंडनमध्ये १९९१ पासून कूल एफएमसारखी बिनपरवाना केंद्रे इमारतींच्या गच्च्यांवर एरिअल उभारून हेच संगीत ऐकवत होती. ही माहिती रेकॉर्डवर कोरलेली नसते आणि माणसांबरोबर निघून जाते.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि प्रतापगंजमध्ये मैत्रिणींसोबत राहते. मला इलेक्ट्रॉनिक संगीताची ओढ लागली आहे, परंतु रेकॉर्ड व यंत्रे घेणे परवडणारे नाही. सुरुवात कोठून करावी? आणि यात आपल्याकडचे काही आहे का, की सगळे बाहेरचेच आहे?

उत्तर : केवळ चांगले हेडफोन असले तरी सुरुवात उत्तम होते. जंगलपुरते बोलायचे तर ४हिरोची १९९० ची ‘मिस्टर कर्क्स नाइटमेअर’, ओरिजिन अननोनची १९९३ ची ‘व्हॅली ऑफ द शॅडोज’, ओम्नी ट्रिओची त्याच वर्षीची ‘रेनेगेड स्नेअर्स’ आणि मग गोल्डीचा १९९५ चा ‘टाइमलेस’ हा आल्बम, या क्रमाने ऐकावे. आल्बममधील शीर्षकरचना सुमारे २१ मिनिटांची आहे. ती एका बैठकीत, दिवा मालवून ऐकावी. पुढे १९९७ चा ब्रिटनमधील मर्क्युरी संगीत पुरस्कार मिळवणारा रोनी साइझ यांचा ‘न्यू फॉर्म्स’ ऐकावा. दोन वर्षांनी तोच पुरस्कार तलविन सिंग या लंडनमध्ये जन्मलेल्या तबलावादकाच्या ‘ओके’ या आल्बमला मिळाला. त्यात तबला आणि ड्रम अँड बेस, म्हणजे जंगलचेच पुढचे रूप, शेजारी बसून बोलतात.

आपल्याकडचे काही आहे का, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरापासून सुमारे ११० किलोमीटरवर आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तेथे १९७२ पर्यंत ज्या रचना केल्या, त्यांच्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. गीताबाई म्हणजे १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या विदुषी. मौलाबक्ष यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेचा वारसा आपले विद्यापीठ सांगते. त्या विद्यापीठाच्या विद्यार्थिनीने या फिती अवश्य ऐकाव्यात. त्या नाचण्यासाठी नाहीत. मी प्रथम ऐकल्या तेव्हा मला तंबोरा लावतानाची ती दोन-तीन मिनिटे आठवली, ज्यांत स्वर अजून जागेवर बसायचा असतो.

दुसरे नाव चरणजित सिंग यांचे. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या मुंबईच्या वादकाने १९८२ साली रोलंडच्या टीबी-३०३ या खर्जाच्या आणि टीआर-८०८ या ठेक्याच्या यंत्रावर भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. टीबी-३०३ वर एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येते. ही सोय पाहून त्यांना मींड सुचली असावी, असे ऐकताना वाटते. शिकागोत याच यंत्रावर बांधलेली ‘अॅसिड ट्रॅक्स’ ही रेकॉर्ड १९८७ ची आहे. त्यावरून अॅसिड हाउसचा, म्हणजे या यंत्राच्या स्वरांवर उभ्या राहिलेल्या हाउस संगीताचा, उगम मुंबईत झाला असे अभिमानाने सांगितले जाते, ते मला पटत नाही. शिकागोच्या तरुणांनी चरणजित सिंग यांची रेकॉर्ड ऐकल्याचा काहीच पुरावा नाही. २०१० साली ती पुन्हा छापली गेली तोपर्यंत आपल्याकडेही ती विस्मृतीत गेली होती. दोन ठिकाणच्या माणसांना एकाच यंत्रात दोन वेगळ्या गोष्टी सापडल्या, हे सत्य पुरेसे सुंदर आहे.

प्रश्न : रावपुऱ्यातील आमच्या जुन्या घरात माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत लाखेच्या आणि व्हिनाइलच्या, अशा दोन्ही प्रकारच्या रेकॉर्ड एकावर एक रचून ठेवलेल्या आहेत. त्यांवर बुरशीचे डाग दिसतात. काय करावे?

उत्तर : त्या आजच खाली आणाव्यात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा छपराखालची पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते आणि आडव्या रचलेल्या व्हिनाइलच्या रेकॉर्ड वाकतात. लाखेच्या तबकड्या वजनाने तडकतात. सर्व तबकड्या खोलीतील आतल्या भिंतीशी, उन्हापासून दूर, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. त्या तिरक्या कलू देऊ नयेत.

बुरशी काढताना दोन्ही प्रकार आधी वेगळे करावेत. व्हिनाइलसाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने रेघांच्या दिशेने पुसावे. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, कारण लाख त्यात विरघळते. तिला केवळ डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एखादा थेंब पुरतो. लेबल ओले होऊ देऊ नये. तबकडी पूर्ण वाळल्यावर नव्या कागदी पाकिटात घालावी. जुने बुरशी लागलेले पाकीट ठेवायचेच असेल तर ते निराळ्या पिशवीत ठेवावे, रेकॉर्डसोबत नको.